कच्च्या कामाचा कागद

"एकेक घ्या, मागे पाठवा," असं म्हणत चित्रकलेच्या बाईंनी पाव आकाराच्या कागदांचा गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवला. गणिताची सराव परीक्षा होती आणि हे कागद कच्च्या कामासाठी.

यंदा चित्रकलेचा तास गेला, त्या जागी जादा गणित आलं. बाईंच्या वाट्याला नुसतं पर्यवेक्षण उरलं. त्यांच्या कपाटातली वर्षानुवर्षांची चित्रं क्लार्ककाकांनी ऑफिसात नेली. "एक बाजू कोरी आहे की. वाया कशाला घालवायची?"

कोरी नव्हती. चित्र झालं की बाई विचारायच्या, "काय काढलंस?" पोर जे सांगेल ते मागे पुसट पेन्सिलीने लिहायच्या. गुण नाहीत, शेरा नाही.

मला आता सगळे रेडिओ म्हणतात. शाळेचा कुठलाही कार्यक्रम असो, माईक माझ्याच हातात. पण पहिलीत मी कितीतरी महिने शाळेत अवाक्षर काढलं नव्हतं. आई म्हणायची, घरी पोपट आणि शाळेत दगड.

माझ्या वाट्याचा तुकडा मी उलटला. काळा खडू, घासून घासून चकाकी आलेला. मागे बाईंचं अक्षर: 'आज बोलली. म्हणाली, हे माझं तोंड आहे, आतून.'

वाक्य मी विसरले होते. खडू नाही. तो त्या दिवशी संपला होता.

बाई बाकाजवळून जाताना मी हळूच म्हटलं, "बाई, हे माझं आहे."

"माहितीये."

"काकांनी कापलं?"

"दोघांनी. कागद मी धरले." त्या खिडकीकडे बघत होत्या. "त्यांना सरळ कापता येत नाही गं. वाकडं कापलेलं मला बघवत नाही. चल, गणितं सोडव."

पलीकडच्या बाकावर एकाने तसल्याच काळ्या तुकड्यामागे भागाकार मांडला होता. बाकी किती उरली ते तो बोटांवर मोजत होता.

मी सगळी गणितं मनातच केली. निम्मी चुकली असणार.

कच्चे कागदही परत द्यावे लागतात आणि ते मोजून तक्त्यावर आकडा लिहायचा असतो. वाटले होते चाळीस. बाईंनी हात पुढे केला. मी फक्त उत्तरपत्रिका दिली. हात क्षणभर तसाच राहिला, मग पुढच्या बाकाकडे गेला.

टेबलाशी बसून त्यांनी गठ्ठा ठोकून कडा नीट जुळवल्या आणि न मोजता लिहिलं, चाळीस.