नऊ घरांचं पन्हं

मी केमिस्ट आहे, देवभोळी नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरी त्या चैत्रातली ती दुपार आठवली की मला अजून झोपेतच असल्यासारखं वाटतं.

ब्याऐंशी साल असावं. तिकडे उत्तरेत, बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला होते. खाण्यापिण्यात घालायचे वास तिथे तयार व्हायचे: केवडा, गुलाब, संत्रं. त्या वर्षी आम्ही कैरीचा वास काढला. कैरी नसताना कैरी! कुपीचं बूच काढलं की तोंडाला पाणी सुटायचं. तो पोटात जाऊन बाधणार नाही, हे कागदावर दाखवून द्यायचं काम माझं. बाहेरून आलेल्या अहवालात उंदरांना कितीपर्यंत सोसतं ते दिलेलं होतं. त्याचा शंभरावा हिस्सा ही माणसाची मर्यादा. माणूस दिवसाला किती घेईल, तेवढं आपण लिहायचं, आणि ते त्या मर्यादेत बसायला हवं. मी झोकात लिहिलं, ‘एक पेला’. पाहुण्याला आपण एकच पेला देतो ना! गरोदर बायांविषयी अहवालात अक्षर नव्हतं. नाही लिहिलं म्हणजे काही नसेल, असं मीच ठरवून टाकलं. आता फक्त सही राहिली होती, आणि मालक लालाजी ती सोमवारी मागणार होते.

फाल्गुनात गारा पडल्या होत्या, बरुआसागरच्या बागांतला मोहोर झडून गेला होता. चैत्रगौर बसली तरी पन्ह्यासाठी कैरी औषधालाही मिळेना. बायका हळहळायला लागल्या आणि मला चेव आला. नऊ घरी नऊ कुप्या वाटल्या मी! “लिंबू पिळा, गूळ घाला, वरून दोन थेंब टाका. कुणाला कळलं तर नाव बदलीन,” म्हटलं. हौस बघा माझी.

ओरछा गेटच्या बाजूला आमच्या जाण्यायेण्यातली मराठी घरं तेवढीच. म्हणून हळदीकुंकू सगळ्यांचं एकाच दुपारी, या दारातून त्या दारात. मी आणि माझी नणंद प्रेमला निघालो. तिला पाचवा महिना होता. आधी दोनदा दिवस राहून मूल टिकलं नव्हतं, म्हणून आम्ही तिला फुलासारखी जपत होतो.

गल्लीत ऊन असं पडलं होतं की भिंती जागच्या हलल्यासारख्या दिसत होत्या. घरात शिरलं की अंधार, गार फरशी, ओले हरभरे, अत्तर आणि सगळीकडे कैरी. झाडावर एकही नव्हती, पण सगळी आळी मोठ्या आमराईत निजल्यासारखी वाटत होती. हे मी केलंय, असं मनात येऊन मी तरंगत चालले होते. खरं सांगते, आयुष्यात इतकी खूश मी फार थोड्या वेळा झाले असेन.

सहाव्या घरी अंबिकाकाकूंनी प्रेमलाच्या हातात दुसरं फुलपात्र दिलं. “दोन जिवांची तू, एकानं कसं भागेल? गौर रुसेल हो!”

“आंबट हवंच वाटतंय मला, काकू,” प्रेमला हसत म्हणाली आणि तिनं ते घटाघटा पिऊन टाकलं.

मी तर कागदावर ‘एक पेला’ लिहिलं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “प्रेमला, आत्तापर्यंत किती झाली गं?”

“सगळ्यांकडे दोन-दोन. बारा झाली बघ. का गं वहिनी?”

मी तिला तिथेच एका ओट्यावर बसवलं. म्हटलं, पुढच्या तीन घरी काही घ्यायचं नाही, गौर रुसली तर रुसू दे. आणि मग सगळं सांगितलं, एक पेला लिहिलेला तोसुद्धा.

तिनं पोटावर हात ठेवला. “बाळाला काही होईल?”

एका दिवसानं काही होत नाही, मर्यादा रोजच्या पिण्यासाठी असते, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण ते पोटातल्या जिवाला लागू आहे का?

“मला माहीत नाही गं,” मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

“तू दिलंस म्हणून मी विचारलंसुद्धा नाही, वहिनी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उरलेल्या घरी मी एकटीच गेले, आणि मग मागच्या सहा घरीही. सगळ्यांसमोर चूक सांगून कुप्या परत घेतल्या. अंबिकाकाकूंनी कपाळावर हात मारला.

सोमवारी मी ‘एक’ खोडून ‘बारा’ लिहिलं, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला, खाली लिहिलं, ‘गरोदर स्त्रियांबाबत माहिती नाही’, आणि सही केली नाही. लालाजी भडकले, “कांचनजी, ऐसे तो माल कभी नहीं निकलेगा!”

“मत निकालिए,” मी म्हटलं.

पुढचे चार महिने कसे काढले ते माझं मला ठाऊक. प्रेमला हातात वाटी घेऊन बसली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. श्रावणात तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. घरात पेढे वाटले. लालाजींनी निरोप धाडला, “देखा? कुछ नहीं हुआ. अब दस्तख़त कर दीजिए.”

मुलगी मांडीवर घेऊन मी तिची बोटं पुन्हा पुन्हा मोजत बसले होते. दहाच्या दहा होती. पण एका मुलीला काही झालं नाही, एवढ्यावर सही करायची? मी केली नाही.