बिनवासाची पट्टी

आमच्या पट्टीला वास यायचा, हे खरंच आहे. जखमेवर लावायची ती औषधी पट्टी. तिच्या चिकट थरात ज्या पाल्याचा अर्क घालायचो, तो पालाच उग्र. पण जखमेतले जंतू मारायचं काम त्या वासाच्या तेलाचंच. वास गेला की औषध गेलं. हे मी दादाला किती वेळा सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्याचा मालक. मी तिथेच प्रयोगशाळेत. दुकानदारांनी नाक मुरडलं, तसं दादाने पट्ट्या सुकवायच्या भट्टीची आच वाढवून टाकली. वास उडाला, दादा खूश. मी काचेच्या बशीत जंतू वाढवले आणि त्यात जुनी आणि नवी पट्टी ठेवली. जुनीच्या आसपास जंतू फिरकले नव्हते; नवीच्या कडेला खेटून सुखाने नांदत होते. ती बशी दादाच्या टेबलावर नेऊन आपटली.

"जेवायच्या वेळी हे काय आणतेस?"

"दादा, ही नुसती चिकटपट्टी झालीये. औषध भट्टीत उडून जातंय."

"लोक आवडीने घेतात ना? मग झालं तर. तू जरा जास्तच शिकलीस, हाच घोळ आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल तसाच बाहेर पडत राहिला.

आई दादाकडे राहते. तिला मधुमेह. पायाच्या अंगठ्याला बूट चावून जखम झाली होती, पण फोनवर विचारलं की "बरी आहे गं" एवढंच. सुट्टीच्या दिवशी गेले, तर अंगठा काळानिळा आणि पाऊल टम्म सुजलेलं. पट्टी सोलली, तर खाली पू.

"आई, अगं हे काय!"

"होईल बरं. तुझ्या दादाची पट्टी आहे, रोज नवी लावते. आता वाससुद्धा येत नाही बघ. किती सुधारणा केली पोराने!"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

तसंच तिला दवाखान्यात नेलं. दादाही आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यावर काय लावत होता, आजी?"

"काहीच नाही हो," आई पटकन म्हणाली. "अंगावरच काढलं. माझाच हलगर्जीपणा."

बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. आई मान खाली घालून ऐकत होती. दादा दाराशी उभा होता. आईला स्वतःच्या वाटणीची बोलणी खाऊ देत होता, निर्लज्ज!

"खोटं बोलतेय ती," मी ओरडले. "याच्या कारखान्याची पट्टी लावत होती. त्यात औषधच नाही, आणि हे याला माहीत आहे!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की परक्याकडेही कुणी पाहणार नाही.

"हिचं मनावर घेऊ नका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "लहानपणापासून भावाचा दुस्वास करते."

दुसऱ्या दिवशी अंगठा काढावा लागला. आई शुद्धीवर आली तेव्हा जवळ मी एकटीच होते. तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि कोरड्या पडलेल्या तोंडाने विचारलं, "दादा जेवला का गं?"

"जेवला," मी म्हणाले. "पोटभर जेवला."