नव्या कातडीचा संशय

दिनांक १४ मे २०१९, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. खोलीत माणसे दोन, हात पाच. पाचवा मी.

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. तैवानमधल्या च्यायी शहरातील परिचारिका विद्यालयात मुली माझ्यावर सुई टोचायला शिकतात. माझ्या शिरांतून लाल रंगाचे पाणी वाहते. त्यांना शिकवणाऱ्या ल्याओबाईंचा दंडकच होता, "रबराचा असला म्हणून काय झालं? सुई चुकली की माफी मागायची!"

आदल्या संध्याकाळी बाईंनी मला कधी नव्हे ते साबणाने न्हाऊ घातले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी माझी भोकाभोकांची कातडी सोलून नवी चढवली. कचरागाडीचे गाणे ऐकू येताच जुनी घेऊन त्या खाली धावल्या.

सकाळी विद्यालयाच्या मान्यतेची तपासणी करायला आलेले सरकारी निरीक्षक कुओ यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि त्यांची भुवई चढली.

"बाई, हा तर कालच दुकानातून आणलेला दिसतोय. मुलींनी सराव हवेत केला वाटतं?"

"कातडी काल बदलली, साहेब. जुनी फार वाईट दिसत होती हो."

"कुठाय ती?"

"कचऱ्यात गेली."

"वा! सोयीचंच झालं की."

बाईंचा चेहरा उतरला. विद्यालयाची मान्यता गेली, तर मुलींना परवाना परीक्षेला बसता येणार नव्हते. आणि परवान्यावाचून कोणतेही रुग्णालय त्यांना उभे करणार नव्हते.

सुई टोचून दाखवायला बाई कुणाला तरी हाक मारणार, तोच कुओ म्हणाले, "थांबा. मुलगी मी निवडणार."

त्यांनी व्हरांड्यातून युन-चिंगला आत बोलावले. तिने पट्टा बांधला, शीर चाचपली. नवी कातडी ताठ होती, सुई चुकली. बाईंनी डोळे मिटले. युन-चिंगने आधी पट्टा सोडला, मग सुई काढली, कापूस दाबून धरला आणि वाकून पुटपुटली, "माफ करा हं, आजोबा. दुखलं का?"

"हे कुणाला?"

ती ओशाळली. "सवय लागलीय, साहेब. सगळ्याजणी असंच म्हणतो."

कुओंचा संशय तेवढ्याने फिटेना. त्यांनी स्वतः जाऊन पलीकडच्या वर्गातून दुसरी मुलगी आणली. तिचीही सुई चुकली.

"अगंबाई! माफ करा, आजोबा!"

"इतकी माफी तोंडात बसायला," कुओ म्हणाले, "बऱ्याच सुया चुकाव्या लागतात." आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण कामाने पडलेली त्यांची भोके लपवू नका.

त्या वर्षी एक्केचाळीस मुली परीक्षेला बसल्या. परवाना अडतीस जणींना मिळाला.