वेचणं

शब्दकोशाच्या कचेरीत धाकटीच्या वाट्याला 'व' हे अक्षर आलं होतं, आणि त्या आठवड्यात तिचं घोडं 'वेचणे' या शब्दापाशी अडलं होतं. दुपारी खिडकीतलं ऊन कलायचं, टेबलावरची धूळ हवेत तरंगायची, आणि डुलकी कुठली अन् विचार कुठला, हेच तिला कळेनासं व्हायचं. त्या अर्धवट झोपेत ताई दिसायची. कधी ओंजळीत काहीतरी गोळा करणारी, कधी तीच ओंजळ रिती करणारी.

आईवडील गेल्यावर ताईनंच तिला वाढवलं. "बहिणीपायी आयुष्य वेचलं बाईनं," असं शेजारीपाजारी म्हणत, आणि धाकटी खालमानेनं ऐकून घेई.

संध्याकाळी ती घरी आली, तर ताई धुतलेले कपडे मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती.

"कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी विचारलंय," ताई म्हणाली. "लग्नाचं."

भिंतीवरचं घड्याळ हल्ली सारखं दुरुस्तीला का जातं, याचा उलगडा धाकटीला आत्ता झाला. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? या वयात शोभतं का? आणि तुझं कसं व्हायचं?"

जाऊ नकोस, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"ताई, 'वेचणे' हे मुळात दोन शब्द आहेत. एक 'व्यय'मधून आलाय, म्हणजे खर्चणं. दुसरा वेगळ्याच धातूपासून, म्हणजे पारखून उचलणं. वाटेत कुठंतरी दोघांचा चेहरा एक झाला."

ताई मांडीवरच्या एका कपड्याची घडी घालत राहिली. बाहेर उजेड निळसर होत गेला.

"पहिलं केलं, त्याचं मला काही वाटत नाही," ती सावकाश म्हणाली. "पण दुसरं कधी केलंच नाही गं. साधी भाजीसुद्धा तुझ्या आवडीची."

धाकटीनं तिच्या मांडीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले. "चल. दुकान बंद व्हायच्या आत."

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. ताईचं "हो" ऐकल्यावर ते काढायचंच विसरले. एक डोळा केवढातरी मोठा, ओलसर. मग गडबडून ते धाकटीला म्हणाले, "बसा ना." एकुलती एक खुर्ची घड्याळांनी भरलेली. ते घड्याळं उतरवू लागले, तशी ताई पुढं होऊन त्यांना मदत करू लागली. चहूकडून टिकटिक चालली होती, एकीचा दुसरीला मेळ नव्हता. धाकटी दाराशी उभी राहिली. तिला बसायची घाई नव्हती.