चाळीस वर्षांचं दुखणं

धाकटा विमा कंपनीत नोकरीला लागला तेव्हा अक्काने सगळ्या गल्लीत सांगितलं, की आता कुणी आजारी पडायचं आणि कुणी नाही ते तिचा भाऊ ठरवणार. खरं तर तो क्लेमच्या कागदांवर हो किंवा नाही लिहिणारा साधा माणूस. पण अक्काच्या तोंडून साधं काही बाहेर पडायचंच नाही. त्यांच्या शेजारचं मांजर म्हणे दूध चोरून प्यायचं आणि जाताना भांडं विसळून पालथं घालून जायचं. लहानपणच्या घराचा जिना इतका लांब, की खालून निघालेल्या धाकट्याला वर पोचेपर्यंत मिशा फुटल्या. ओळखीच्यांना ठाऊक होतं, अक्काने आकडा सांगितला की त्याला आधी दहाने भागायचं.

धाकट्याचं उलटं. तो साधी पावतीसुद्धा दोनदा वाचायचा, मग उजेडात धरून तिसऱ्यांदा. ऑफिसात त्याला 'भिंग' म्हणायचे.

त्या साली विम्याच्या नव्या कायद्यावरून नुसता गदारोळ चालला होता. जुनं दुखणं आहे म्हणून कंपनीने पैसे नाकारायचे नाहीत, आणि हॉस्पिटलांनी मनाला येईल तो दर लावायचा नाही, असे त्या कायद्याचे दोन पाय. एक पाय कंपन्यांना नको, दुसरा हॉस्पिटलांना. कंपन्या म्हणायच्या, हे कापसाचा बोळा सोन्याच्या भावाने विकतात. हॉस्पिटलं म्हणायची, माणूस मेला तरी हे आधी विचारतील, परवानगी घेतली होती का. सामान्य माणसाला दोघांचंही पटायचं.

सरकारने सुनावणी ठेवली, आणि कंपनीतर्फे बोलायला साहेबांनी भिंगाला उभं केलं.

"तू खरा वाटतोस," साहेब म्हणाले. "मी बोलायला लागलो की लोक आपले खिसे चाचपतात."

धाकटा बोलला, आणि चांगलं बोलला. "आम्ही माणूस बघत नाही, कागद बघतो. माणूस बघायला लागलो तर ओळखीचा तेवढा सुटेल आणि बिनओळखीचा अडकेल. खर्च आवरायचा असेल तर कुणीतरी नाही म्हणायलाच हवं." टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला. अक्काने तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला आणि सांगत सुटली, की भाषण ऐकून दोन मंत्री एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

ह्याला पंधरा दिवस झाले नसतील, अक्काला न्हाणीघरातच चक्कर आली. दोन महिने छातीत दुखत होतं, ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलात नेल्यावर कळलं, हृदयाची एक झडप बिघडली आहे, ऑपरेशन करावं लागेल. विमा होता, सहा वर्षं हप्ते भरलेले, म्हणून कुणी घाबरलं नाही. दाखल करून घेताना डॉक्टरने विचारलं, "मावशी, छातीत कधीपासून दुखतंय?"

"लग्न झाल्यापासून," अक्का म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. ह्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळ आली, ती काही गेली नाही बघा."

भाऊजी शेजारीच पिशवी धरून उभे होते, तेही हसले. नर्स हसली. डॉक्टरला रात्रपाळी करून दिवसाचं काम लागलेलं. त्याने मान वर न करता लिहिलं: छातीत दुखणे, चाळीस वर्षे.

तो फॉर्म गुरुवारी दुपारी धाकट्याच्या टेबलावर आला. वर अक्काचं नाव, खाली चाळीस वर्षे. वाचून तो एकटाच हसला. मग हसू ओसरलं, कारण त्याने तोच फॉर्म भिंगासारखा पुन्हा वाचला.

नियम असा, की नातेवाइकाचा कागद आपण हातावेगळा करायचा नाही. 'नातेवाईक' असं लिहून, सही करून शेजारच्या टेबलावर द्यायचा. मात्र सहीखाली चार ओळी मोकळ्या असायच्या, आपल्याला काही माहीत असेल तर लिहायला. धाकट्याने तिथे पेन टेकवलं. लिहायचं तरी कितीसं होतं? आमची अक्का थापा मारते, डॉक्टरला फोन करून विचारा. बस.

पण समोरच्या भिंतीवर साहेबांनी सुनावणीतला तोच फोटो लावला होता. धाकट्याच्या मनात आलं, उद्या कुणीतरी म्हणेल, कागद कागद करत होता, बहिणीची वेळ आली तेव्हा बरा ह्याला माणूस दिसला. आणि शेजारची बाई काही खुळी नाही. चाळीस वर्षं छाती दुखून कोण जगतं, एवढं तिला कळेलच. अशी मनाची समजूत घालून त्याने ओळी कोऱ्या सोडल्या.

बाईने अर्ध्या मिनिटात शिक्का मारला. जुनं दुखणं, नामंजूर. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता, असं वाचायला तिला भिंगानेच शिकवलं होतं.

संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"काय रे धाकट्या, तुमच्याकडे माणसं बसतात की खुर्च्याच बसतात? एकालाही थट्टा कळू नये?"

"अपील कर, अक्का."

"करते की. तुझ्या टेबलावर आलं असतं ना, तर तूच सांगितलं असतंस, ही बाई थापाडी आहे म्हणून."

"हं," धाकटा म्हणाला.

अपिलाला सात महिने लागले. मधल्या काळात सरकारी हॉस्पिटलच्या यादीत नाव घातलं, तेही जागचं हलेना. अक्का आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायची, मग फाटकापर्यंत, मग खुर्चीतून उठेनाशी झाली. शेवटी अपिलवाल्यांनी घरच्या माणसाचं लेखी मागितलं, तेव्हा धाकट्याने सगळं लिहून दिलं आणि साहेबांनाही तोंडावर सांगितलं. साहेब रागावले नाहीत. भिंतीवरचा फोटो तेवढा उतरवला.

क्लेम मंजूर झाला, ऑपरेशनही पार पडलं. पण डॉक्टर म्हणाले, झडप बदलता येते, इतके दिवस ताण सोसून थकलेलं हृदय नाही बदलता येत. लवकर आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता खाटेपासून खिडकीपर्यंत, एवढीच तिची चाल. कायद्याचं अजून ठरलं नव्हतं, तिसरी समिती बसली होती.

अपिलाच्या निकालाबरोबर जुन्या कागदांच्या प्रती घरी आल्या. रविवारी धाकटा गेला तेव्हा भाऊजी औषधं आणायला गेले होते आणि त्या प्रती अक्काच्या मांडीवर होत्या. वरच्याच कागदावर त्याची सही होती, तिच्याखाली चार रिकाम्या ओळी.

"बस," अक्का म्हणाली.

त्याने स्टूल ओढलं.

"हा तुझ्याकडे किती वेळ होता रे?"

"दहा मिनिटं."

तो वाट बघत बसला. आता ती म्हणेल, दहा मिनिटं कसली, दहा वर्षं उबवत बसला होतास, तेवढ्यात माझं तेरावंसुद्धा जेवून झालं असतं लोकांचं. तिने म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

अक्काने कागदांच्या कडा जुळवल्या.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. त्यात एकही मिनिट तिने वाढवलं नाही.