खुर्च्यांची रांग

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी दीपा शाळेच्या आवारात शिरली तेव्हा तिला आधी दिसल्या त्या खुर्च्या. हिरव्या, घडीच्या, पाठीवर महाराष्ट्र मंडळाचं नाव रंगवलेल्या. रांग दारापाशी सुरू होऊन झेंड्याच्या खांबापलीकडे गेली होती आणि खुर्च्यांवर माणसं नव्हती. एकीवर जॅकेट, एकीवर डबा, एकीवर लहान मुलाचा बूट.

माणूस होता तो पहिल्या खुर्चीत. मंडळाचे नंदूकाका कानटोपी घालून थर्मासमधला चहा पीत होते.

"या उमेदवार," ते म्हणाले. "बघ, आपली सगळी मुलं लाइनीत."

"काका, मुलं कुठेत? त्यांचे आईबाप कुठेत?"

"झोपलेत. थंडी काय पडलीये. मी फोन केला की येतील ड्राइव्ह करून."

"या खुर्च्या माझ्या गॅरेजमधल्या."

"खुर्च्या मंडळाच्या, गॅरेज तुझं. काल संजीवनेच उघडून दिलं."

मंडळाच्या कामाला तिच्या नवऱ्याने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. खुर्च्या कशाला हव्यात, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नसणार.

दीपा अमेरिकेतल्या या गावाच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहत होती ती याच रांगेविरुद्ध. शाळेत अर्धा दिवस स्पॅनिशमधून शिकवत, आणि बालवर्गाच्या जागा नोंदणीच्या दिवशी जो आधी येईल त्याला मिळत. दीपाचं म्हणणं होतं, जागा लॉटरीने द्या. निम्म्या जागा घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी ठेवा, म्हणजे दोन्हीकडची मुलं एकमेकांकडून शिकतील. आणि बस द्या, नाहीतर ज्याच्याकडे गाडी आणि मोकळी सकाळ, त्याचीच शाळा होते. मॉरिसव्हिलमधल्या मंडळाच्या लोकांनी यावर टाळ्या वाजवल्या होत्या. तिची पत्रकं दारोदार वाटली होती तीही त्यांनीच.

शेवटच्या खुर्चीमागे एक बाई मुलीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून उभी होती. अंगावर सफाई कंपनीचा गणवेश. कामावरून परस्पर आली असावी. तिच्या मागे आणखी काही कुटुंबं. दीपाने आपल्या शिकाऊ स्पॅनिशमध्ये नाव विचारलं. रोसा. ती आली तेव्हा इथे फक्त टोपीवाले आजोबा होते. आणि खुर्च्या.

म्हणजे हजर माणसांत हिचा नंबर दुसरा.

दीपा परत फिरली. "काका, खुर्च्या उचला."

"नियम मोडलाय का आम्ही? जागा धरायची नाही असं कुठे लिहिलंय? तू निवडून ये आणि बदल. तेव्हा मीच पेढे वाटीन."

ती ऑफिसात गेली. सेक्रेटरीबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. रांग पालकांनी आपसात ठरवायची, शाळा त्यात पडत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. आणि उमेदवाराने शाळेच्या आवारात प्रचार करू नये, ही विनंती.

ती बाहेर आली तोवर गाड्या लागायला लागल्या होत्या. कॉफीचे कप, झोपाळलेली मुलं. "हाय दीपाकाकू!" प्रत्येक जण आपापल्या खुर्चीपाशी गेला. शेवटची खुर्ची मंडळातल्याच अनीशची निघाली. त्याची मुलगी सिया त्याच्या खांद्यावर झोपली होती.

दीपाने त्याला बाजूला घेतलं. "अनीश, त्या बाईला पुढे जाऊ दे. एकीलाच."

त्याने रोसाकडे पाहिलं. त्याने लगेच नकार दिला नाही, हेच दीपाला जास्त लागलं.

"काकू, लॉटरी असती तर मी चिठ्ठी टाकून गप्प बसलो असतो. खरंच. पण आज लॉटरी नाहीये. या शाळेसाठी आम्ही इथे घर घेतलं यार. मी सोडली आणि नेमकी तीच शेवटची सीट निघाली, तर सियाच्या आईला काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

सियाने डोळे उघडले. "Daddy, is it my school?"

"Almost," अनीश म्हणाला, आणि खुर्ची घडी करून रांगेत सरकला.

नोंदणीचं दार उघडलं. हिरव्या खुर्च्या मिटत गेल्या, माणसं आत जात राहिली. अनीश आत गेला. मागोमाग रोसा उंबऱ्यापर्यंत पोचली तेवढ्यात सेक्रेटरीबाई बाहेर आल्या. बालवर्गाच्या सगळ्या जागा भरल्या होत्या. उरलेल्यांनी प्रतीक्षायादीत नाव द्यावं. मागचे लोक पुटपुटत पांगायला लागले.

रोसाला इंग्रजी पुरतं कळलं नाही. दीपाने शब्द शोधत शोधत सांगितलं. मग सांगितलं की आपण बोर्डासाठी उभ्या आहोत, ही रांग बंद करणार आहोत.

"कधी?" रोसाने विचारलं.

"निवडणूक नोव्हेंबरात. निवडून आले तर, पुढच्या वर्षीपासून."

रोसाने मान हलवली. "ही याच वर्षी बालवर्गात जाणार."

मुलीने ब्लँकेटमधून डोकं बाहेर काढून आईला काहीतरी विचारलं. आत कधी जायचं? इतकं साधं स्पॅनिश दीपाला नीट समजलं. रोसा दीपाकडे पाहत राहिली, जणू उत्तर दीपालाच ठाऊक असेल.