लारिसाच्या चेहऱ्याचा मुखवटा

मित्रांनो, विलो क्रॉसिंगच्या आइस रिंकमध्ये शिरलात की डाव्या हाताला, कॉफीच्या खिडकीशेजारी, काचेचं एक कपाट लागतं. त्यात चार चषक आहेत आणि त्यांच्या मधोमध डोळ्यांच्या जागी भोकं असलेला एक पिवळट चेहरा टांगलेला आहे. तो मी, आइस हॉकीच्या गोलरक्षकाचा जुना मुखवटा. लहान मुलं मला बघून आईच्या मागे लपतात, मोठी माणसं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेतात. खरी हकिगत कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगायला बसलो आहे.

मला मायरॉन प्रोकोपचुक यांनी घडवलं. हिवाळ्यात ते याच रिंकचा बर्फ सांभाळत आणि उन्हाळ्यात तळ्यावरच्या होड्या दुरुस्त करत. त्यांची मुलगी लारिसा सोळा वर्षांची होती. गावातल्या मुलींनी संघ काढला तेव्हा गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. लारिसा राहिली आणि महिन्याभरात पुढचे दोन दात गमावून बसली. पक म्हणजे रबराची काळी चकती, पण बर्फावरून सुटली की दगडासारखी लागते. दुकानातले मुखवटे पुरुषांच्या मापाचे, ते तिच्या हनुवटीखाली लोंबत. मग मायरॉननी तिला होड्यांच्या शेडमधल्या बाकावर आडवं केलं, नाकात दोन नळ्या घातल्या आणि चेहऱ्यावर प्लास्टर थापलं.

"हलू नकोस," ते म्हणाले. "आणि हसलीस, तर जन्मभर हसऱ्या तोंडानंच गोल अडवावे लागतील!"

ती हसलीच. म्हणून माझ्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर उचललेला आहे. त्या साच्यावर मायरॉननी होडीला लावतात तसलं काचतंतूचं कापड पाच थर चिकटवलं, घासलं, पांढरा रंग दिला. मी लारिसाच्या तोंडावर इतका चपखल बसलो की मध्ये नखही शिरू नये. "बघ, टाटोनं कसा बसवलाय!" असं म्हणून त्यांनी बोटांच्या पेरांनी माझ्या कपाळावर टकटक केलं. युक्रेनी घरात बापाला टाटो म्हणतात. त्या चपखलपणाचा मला फार गर्व होता. आज त्याच गोष्टीची मला लाज वाटते.

नऊ हिवाळे आम्ही एकत्र खेळलो. बर्फावर उतरलं की लारिसा आधी गोलाच्या डाव्या खांबाला काठी टेकवायची, मग उजव्या, मग माझ्या कपाळाला. सुरुवातीला कठड्यापाशी उभे राहून "पोरींनो, पेरोही लाटायला घरी जा!" (पेरोही म्हणजे उकडलेल्या करंज्या) असं ओरडणारे पुरुष पुढं तिच्या सामन्याला जागा धरून बसू लागले. तीन वर्षांत तीन चषक आले. पश्चिमेकडच्या प्रांतांत तिच्या तोडीची गोलरक्षक नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं आणि मायरॉननी ते कात्रण रिंकचा बर्फ गुळगुळीत करायच्या यंत्रावर चिकटवलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं. आमचे प्रशिक्षक ओर्विल शाळेची बस चालवत. माणूस भला. कुणाच्या डोक्याला मार बसला की रबरी बूट घालून ते बर्फावर येत आणि तीन प्रश्न विचारत. आज वार कोणता? समोर कोण? कितीवर किती? उत्तरं आली तर खेळ चालू, नाही आली तर खेळाडू बाहेर. पण सहाशे वस्तीच्या गावात दुसरी गोलरक्षक आणायची कुठून? लारिसा बाहेर गेली की सामना गेलाच. म्हणून तिची जिवाभावाची मैत्रीण, बचावाला खेळणारी ग्वेन टकर, ओर्विलच्या आधी घसरत यायची आणि माझ्या कडेला, लारिसाच्या कानाशी तोंड आणून कुजबुजायची, "शनिवार. केस्ट्रेल लेक. दोन-एक, आपण पुढं."

लारिसा ते घोकल्यासारखं म्हणून दाखवायची. ओर्विल तिच्या पाठीवर थाप मारून परत जायचे. पोरी याला मैत्री समजत. ग्वेनच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण आतून मला दिसायचं. लारिसाचे डोळे एका जागी ठरत नसत. चकती माझ्यावर आपटायची आणि धक्का सरळ तिच्या हाडात उतरायचा, कारण आमच्यामध्ये बोटभरही पोकळी नव्हती. मी तिचे दात वाचवले, नाक वाचवलं. डोकं वाचवलं नाही.

घरी ती भर दुपारी पडदे ओढून घेऊ लागली. "डोकं दुखतंय का गं?" मायरॉन विचारायचे. "छे, टाटो! बोर्शचं सूप जास्त झालं," ती म्हणायची. ओर्विलनी एकदा आतून जाड अस्तर आणि पुढं जाळी असलेलं नवं शिरस्त्राण आणलं. लारिसानं ते हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं.

"टाटोंनी केलाय माझा मुखवटा. हे घातलं तर त्यांना काय वाटेल?"

मायरॉन दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. 'घाल गं, मला काही वाटणार नाही' एवढं म्हणायला हवं होतं. पण बापाला बरं वाटलं, आणि ते गप्प बसले. मीही मनातून सुखावलो. तेव्हाचं ते सुख मला अजून खातं.

चौथ्या चषकाचा अंतिम सामना. शेवटची दोन मिनिटं उरलेली. चकती आली ती थेट डाव्या भुवईवर. कपाळापासून डोळ्यापर्यंत मी तडकलो आणि लारिसा आडवी झाली. ग्वेन धावत आली. "रविवार. केस्ट्रेल लेक. तीन-दोन, आपण पुढं. ऐकतेस ना? तीन-दोन!"

ओर्विलनी विचारलं. लारिसानं तिन्ही उत्तरं बिनचूक दिली. ते वळले, तशी तिनं ग्वेनची बाही धरली.

"ग्वेन, यातला आपला गोल कुठला गं?"

ग्वेनचा चेहरा पडला. ओर्विलना हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. लारिसाला कोपराला धरून तिनं आमच्या गोलात नेऊन उभं केलं. अंगवळणी पडलेल्या सवयीनं लारिसानं आणखी तीन फटके अडवले. आम्ही जिंकलो. पोरींनी तिला खांद्यावर घेतलं आणि ती हसत होती, कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ती खेळली नाही. पुढं पोस्टातली नोकरी सुटली, कारण पत्ते वाचताना अक्षरं हलायची. चुलीवर ठेवलेलं विसरू लागली, माणसांवर उगाच चिडू लागली. मायरॉन एका दुपारी शेडमध्ये मला मांडीवर घेऊन बसले आणि भेगेवरून अंगठा फिरवत राहिले. "फार घट्ट बसवला मी," ते म्हणाले. "फार घट्ट." त्यांनी पुन्हा कुणासाठी मुखवटा केला नाही. ते गेल्यावर रिंकच्या समितीनं मला मागून नेलं, भेग लांबी भरून बुजवली आणि वर छान रंग मारला. चॅम्पियनच्या मुखवट्याला भेग शोभत नाही म्हणे.

मागच्या हिवाळ्यात, चषकाला चाळीस वर्षं झाली म्हणून, ग्वेन तिला इथं घेऊन आली. डोळ्यांवर काळा चष्मा, केस पांढरे. आत मुलींचा सामना चालला होता. लारिसानं काचेला हात लावला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"हा कुणाकडे बघून हसतोय?" तिनं विचारलं. इतक्यात आतून आरडाओरडा झाला आणि लारिसा दचकली. "ग्वेन, कितीवर किती? लवकर सांग, ओर्विल येतील."

ग्वेनचे ओठ सवयीनं हलले. मग तिनं ते घट्ट मिटून घेतले. "नाही सांगणार, लारिसा," ती म्हणाली. "तेव्हाच नको होतं सांगायला." आणि म्हातारी बाई लहान मुलीसारखी रडू लागली.

लारिसानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतेस काय, वेडे? हरतोय होय आपण? असू दे. वेळ आहे अजून. मी आहे ना गोलात."

मित्रांनो, मला तेव्हाही रडता आलं नाही. माझं तोंड हसरं घडवलेलं आहे. तुम्ही कधी इकडं आलात तर माझा रंग बघू नका, डाव्या भुवईवर बोटभर उंचवटा आहे तो बघा. आणि तुमच्यातलं कुणी डोक्यावर आपटलं, 'मला काही झालं नाही' म्हणालं, तर त्याच्या कानात उत्तर सांगू नका. त्याला उत्तर येत नसेल, तर ते मोठ्यांना कळू द्या. सामना हातचा जाईल. जाऊ द्या.